डावा लाल, उजवा हिरवा

रत्नागिरीच्या दवाखान्यात डॉक्टरने वही उघडली.
पानभर ठिपके, कुणी रांगोळी सांडल्यासारखे.
"आकडा सांग."
सुजल म्हणाला, "आकडा कुठाय? नुसते ठिपके."
त्याच्या खांद्यावरून मला दिसत होता
त्र्याहत्तर, ढळढळीत.
मी तोंडावर पदर धरला,
न जाणो ओठ हलले तर.

बोटीला डावीकडे लाल दिवा, उजवीकडे हिरवा.
अंधारात समोरचं जहाज
आपल्याकडे तोंड करून आहे की पाठ,
ते एवढ्यावरनंच ओळखायचं.
फॉर्मवर शिक्का पडला.
एसटीत खेड येईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही.

सासूबाई म्हणाल्या, "आमच्यात कुणाला नाही असलं."
रुंजी झाली तेव्हाही हेच म्हणाल्या होत्या,
पाळण्याकडे न बघता, माझ्याकडे बघून.
तेव्हा ते खोटं होतं.
मुलगा की मुलगी ते बापाकडून ठरतं,
माझ्या दहावीच्या पुस्तकात होतं,
आणि मी गप्प बसले.
या वेळी खरं आहे.
या वेळी माझ्याकडूनच आलंय,
आणि आता मला गप्प बसवत नाही.

डॉक्टरने कागदावर रेघा काढून दाखवल्या.
बाईकडे दोन असतात,
एक खराब निघालं तर दुसरं सांभाळून नेतं.
पुरुषाकडे ते एकच.
एका वल्ह्यावरची होडी, मला लगेच कळलं.
मग म्हणाला, लाल नि हिरवा मुळात एकच होता.
लाखो वर्षांमागे झाडावरच्या माकडांत
कधीतरी त्याची नक्कल झाली,
नकलेत चूक झाली,
आणि त्या चुकीला
पानांतलं पिकलं फळ दिसायला लागलं.

आमच्या घरात ती चूक कुणीतरी दुरुस्त केली म्हणायची.

बाबांना होतं का? डॉक्टरने विचारलं.
हिराजी पावसे, पाजपंढरी,
कधी कुणी वही उघडली त्यांच्यासमोर?
ओहोटीला खडपात
खडकाच्याच रंगाची माकूल बसलेली असायची,
आम्ही तिच्यावरून पाय टाकून जायचो,
बाबा वाकून उचलायचे.
अशा माणसांना रंग फसवत नाही, असंही म्हणतात,
डॉक्टर म्हणाला. नक्की नाही.

आईच्या ओटीभरणाला, मी पोटात असताना,
बाबांनी दापोलीहून बांगड्या आणल्या.
मातकट. विटकरी म्हणा हवं तर.
हिरव्या चुड्याच्या दिवशी!
बायका हसल्या, आईने त्या घातल्याच नाहीत.
"पुरुषाची जात," ती मला सांगायची,
"डोकं जाळ्यात, डोळे पाण्यात.
बाईकडे बघायला देवाने त्याला नजरच दिली नाही."
चाळीस वर्षं एकच गोष्ट, एकाच सुरात.
मीही नवऱ्याला त्याच मापाने मोजत आले.
तो कधीकधी त्यात बसतोही, ते वेगळं.

रुंजीला विचारलं, तुला दिसतात ना गं सगळे रंग?
दिसतात म्हणाली.
मलाही दिसतात.
त्याने काही सिद्ध होत नाही.

काल माळ्यावरच्या डब्यात गळ शोधताना
सुजलला फडक्यात गुंडाळलेलं काही सापडलं.
"आई, या हिरव्या बांगड्या कुणाच्या?"

मी लिलावाला निघाले होते, पाटी डोक्यावर.
तशीच उभी राहिले.
बायकांच्या दुकानात एकटा पुरुष,
विचारायची लाज,
म्हणून स्वतःच निवडत असेल,
एकेक उजेडाला धरून.

आईला जाऊन नऊ वर्षं झाली.

"तुझ्या आज्जीच्या," मी म्हटलं.
"हिरव्याच ना?" त्याने विचारलं.
हल्ली तो प्रत्येक रंग विचारून घेतो.
खाली हर्णैच्या पुळणीवर बोली सुरू झाली होती,
पापलेटचा भाव कुणीतरी ओरडत होतं.
"हो," म्हटलं, "हिरव्याच."